आकाराममामांची वाऱ्याची पिशवी

आकाराममामांनी शिवलेली वस्तू फाटली असं शिवाजी पेठेत कुणी सांगितलं, तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याचं तोंड हुंगतो.

मामांचं दुकान तालमीच्या भिंतीला पाठ लावून उभं आहे. आठ बाय सहाची खोली, दारावर पाटी नाही, आत दोन मशिनं आणि बसायला एक स्टूल, तेही नेहमी कापडाखाली गेलेलं. मंडळाचे झेंडे, जीपचे हूड, रिक्षाचे पडदे, शाळेची दप्तरं, तालमीच्या फुटबॉल संघाच्या जर्स्या, सगळं तिथून बाहेर पडतं आणि बाहेर पडलं की परत दुरुस्तीला येत नाही. एक दप्तर तीन भावंडांनी पाळीपाळीनं शाळेत नेलं, आता त्यातून त्यांचे वडील मंडईतून बटाटे आणतात. एका सामन्यात समोरच्या संघातल्या पोरानं पाठीमागून जर्सी धरून ओढली. जर्सी फाटली नाही, आतला खेळाडू मात्र उताणा आला. पंचांनी फाऊल दिला आणि मामांनी प्रेक्षकांत उभं राहून जर्सीला टाळ्या वाजवल्या.

या कर्तबगारीबद्दल घरात मात्र वेगळं मत होतं.

"माझ्या पोलक्यात हात खांद्याच्या वर जात न्हाय," बयाबाई, म्हणजे मामी, येईल त्याला सांगायच्या. "बत्तीस वर्सं झाली. माळ्यावरचा डबा शेजारनीकडनं काढून घेती मी."

"पन फाटलं का कवा?" मामा मशिनवरून मान न उचलता विचारायचे.

"फाटाया हात तर वर जायला पायजे की!"

मामा हसायचे आणि शिलाईवर आणखी एक टीप मारायचे. एक टीप ग्राहकासाठी, दुसरी नावासाठी, असा त्यांचा हिशेब.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी गुंडू एक लक्तर घेऊन दुकानात आला. गुंडू पेठेतलाच, एकेकाळी संघाचा हाफबॅक. गुडघा गेल्यावर शहराबाहेर वाघजाईच्या माळावर नोकरीला लागलेला. तिथं विमान चालवायला शिकवणारं एक छोटं केंद्र आहे. एक धावपट्टी, दोन बारकी विमानं, एक पत्र्याची शेड, आणि गुंडू सांगतो त्याप्रमाणे, "बाकी सगळा वारा."

त्यानं ते लक्तर मशिनवर टाकलं. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचं, पुरुषभर लांब, एका बाजूला रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला निमुळतं.

"ह्यो कुणाचा पायमोजा रे? राक्षसाचा?"

"मामा, वाऱ्याची पिशवी हाय ही. खांबावर टांगत्यात. वारा आला की फुगती. किती आडवी झाली त्येच्यावरनं वारा किती, नि तोंड कुणीकडं त्येच्यावरनं कुटनं, हे पायलटला वरनं कळतं. दुसरी शिवून द्या अशीच."

मामांनी कापड बोटांत धरलं. छत्रीचं असतं तसं पातळ. त्यांनी नाक मुरडलं, पण माप जसंच्या तसं घेऊन, तसलंच कापड आणून पिशवी शिवली. आणि चार महिन्यांत ती फाटली.

बातमी तालमीच्या कट्ट्यावर पोचायला अर्धा तास लागला. "मामांचं काम फाटलं!" पोरं दुकानावरून जाताना उगाच खोकायची. एकानं तर दारात येऊन विचारलं, "मामा, हातरुमाल शिवून देता का? पन चार म्हैन्याची ग्यारंटी पायजे." मामांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

गुंडूला ते म्हणाले, "तुज्या सायबास्नी काय सांगू नगंस. दुसरी मी आपनहून देतो."

ती दुसरी पिशवी मामांनी मनापासून शिवली. कापड मंडपाचं, पाऊस न झिरपणारं. आतून तोंडापासून कमरेपर्यंत अस्तर. शेपटीला दुहेरी गोट. प्रत्येक जोडावर तीन टिपा. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती खांबावर चढली आणि त्या दिवसापासून मामांची मान पुन्हा ताठ झाली. दर रविवारी ते स्कूटर घेऊन माळावर जायचे, कुंपणाशी उभे राहायचे आणि खांबाकडं बघायचे. एक दोरा निघालेला नसायचा.

तिथंच त्यांची आणि ऐश्वर्याची ओळख झाली. एकवीस वर्षांची, जयसिंगपूरची. वडिलांचं, आप्पासोंचं, तिथं कापडाचं दुकान. पोरीनं विमान शिकायचं म्हटल्यावर त्यांना हो म्हणायला दोन वर्षं लागली होती आणि त्या होकारालाही एक अट होती. ती अट ऐश्वर्यानं मामांना हसत सांगितली होती. "एक चूक झाली की बॅग भरायची, असं म्हणालेत पप्पा. म्हणून मी चूकच करत नाही, मामा."

तिच्या गणवेशाच्या खांद्यावरच्या पट्ट्या उसवल्या तेव्हा मामांनी त्या दुकानात नेऊन शिवून आणल्या. "इमान पडलं तरी ह्या पट्ट्या पडायच्या न्हाईत," देताना ते म्हणाले. बोलून झाल्यावर जीभ चावली. ती मात्र खो खो हसली.

मार्चमधल्या एका दुपारी गुंडूचा फोन आला.

"मामा, ऐश्वर्याचं इमान घसरलं. उतरताना."

मामांचा पाय मशिनवर तसाच राहिला. "पोरगी?"

"बरी हाय. मनगट मुरगळलंय. इमानाचं नाक मोडलं."

"आनि पिशवी?"

हे तोंडातून निघालं आणि मामांना स्वतःचीच लाज वाटली. गुंडू म्हणाला, "पिशवीला काय धाड भरलीया? तशीच हाय."

स्कूटर माळावर पोचली तेव्हा विमान धावपट्टीच्या कडेला, वाळल्या गवतात, पाणी प्यायला गुडघे टेकलेल्या म्हशीसारखं उभं होतं. पुढचं चाक मोडलेलं, पंखा वाकलेला, एका पंखाचं टोक घासून पांढरं पडलेलं. शेडच्या पायरीवर ऐश्वर्या बसली होती, मनगटाला पट्टी. तिच्यासमोर उभे विजयसिंह सर, तिचे शिक्षक. आवाज चढलेला नव्हता, पण त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं वाटावं असा.

"मी स्वतः पिशवी बघितली आणि मगच तुला एकटीला सोडलं. निम्मीसुद्धा आडवी झाली नव्हती. एवढ्याशा वाऱ्यात विमान सरळ ठेवता येत नसेल तर मी काय समजायचं?"

"सर, पंख अचानक उचलला. मी दाबला, तरी..."

"वाऱ्याचा मीटर दुरुस्तीला गेलाय, म्हणून काय वारा वाढतो का?"

तेवढ्यात फाटकातून एक गाडी आत आली. आप्पासो उतरले, पांढरा शर्ट, कपाळावर घाम. आधी त्यांनी पोरीच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवला, जसा कापडाच्या ठाणावरून फिरवतात, कुठं काही विरलंय का बघायला. मग म्हणाले, "बॅग भर."

"पप्पा, उद्या चौकशीचे साहेब येणार आहेत. तोवर तरी थांबा."

"थांबतो. उद्या सायेब तुजी चूक म्हनले तर उद्याच जायाचं. मंग रडायचं न्हाय."

ती रडत नव्हतीच. मामा शेजारी जाऊन बसले तेव्हा हळूच म्हणाली, "मामा, वारा नव्हताच हो फारसा. वरून येताना तुमची पिशवी बघितली मी. म्हटलं, सोपं आहे. तरी मला नाही जमलं."

मामा काहीतरी धीराचं बोलणार होते, पण त्याच वेळी त्यांची टोपी उडाली. गवतावरून गरगरत लांब गेली. ती धरायला ते धावले, वाकले, आणि उठताना त्यांची नजर माळाखालच्या गुऱ्हाळावर गेली. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून निघालेला धूर वर जातच नव्हता. निघाला की लगेच आडवा, उसाच्या शेंड्यांवर चादर अंथरल्यासारखा.

त्यांनी वळून खांबाकडं बघितलं. पिशवी निम्मी लोंबत होती. मंडपाचं कापड, आतून अस्तर, दुहेरी गोट. मोठ्या घरच्या म्हाताऱ्यासारखी सावकाश हलत होती.

टोपी हातात धरून मामा बराच वेळ तिथंच उभे राहिले.

घरी आल्यावर त्यांनी चहा तसाच ठेवला. मामींनी विचारलं, "पोरीला लई लागलंय का?"

"तिला न्हाय लागलं." मग सगळं सांगितलं. धूर, टोपी, कापड.

मामी भाजी निवडायची थांबल्या. "कुणाला ठावं हाय का?"

"कुणाला बी न्हाय. त्येंच्या लेखी पिशवी म्हंजे पिशवी. मी गप बसलो तर कळायचं बी न्हाय."

"आनि पोरगी?"

"घरी जाती. कायमची."

मामी उठल्या. कपाटातून स्वतःचं एक जुनं पोलकं काढलं आणि त्यांच्या मांडीवर टाकलं. "ह्या टिपा मोजा. किती हायत्या?"

"तीन."

"तुमी मला सोडून माज्या कापडाचंच नाव राखत आलासा. मी सोसलं. ती पोरगी कशापायी सोसंल?" त्या पुन्हा भाजीकडं वळल्या. "बोलला तर कट्टा हसंल. हसू दे. मी बी हसतेच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दुकान उघडलं नाही. गुंडूला गाठलं. आपण शिवलेली पहिली, फाटलेली पिशवी, ती छत्रीच्या कापडाची, कुठं आहे विचारलं. गुंडू ओशाळला. ती त्यानं मोटरसायकलच्या सीटवर आवरण म्हणून बांधली होती. मामांनी ती सोडवली, झटकली, दोन ठिगळं लावली, पातळच, आणि माळाकडं निघाले. मागं बसलेला गुंडू सगळी वाट विचारत होता, "मामा, करनार काय हाईसा?" आणि मामा सगळी वाट म्हणत होते, "गप बस की लेका."

चौकशीचे साहेब आले होते. धावपट्टी मोजून झाली होती, फोटो काढून झाले होते. शेडमध्ये ऐश्वर्या आणि सर जबाब लिहून देत होते. बाहेर आप्पासो गाडीला टेकून उभे. मागच्या सीटवर भरलेली बॅग.

मामा दारात उभे राहिले. "सायेब, माजा बी जबाब घ्या."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी टेलर."

सरांना हसू आलं, मग राग आला. "मामा, ही वेळ आहे का?"

"व्हय सर, हीच हाय. ती पिशवी मी शिवलीया. चुकीची शिवलीया."

मामांनी हातातली जुनी पिशवी टेबलावर ठेवली. "ही खरी, नमुन्यासारकी. चार म्हैन्यात फाटली म्हनून मी दुसरी जाड केली. कुनाला न विचारता. ती जड हाय, सायेब. वारा उचलत न्हाय तिला. दोनी शेजारी बांधतो, तुमीच बघा."

गुंडूनं बांबूच्या टोकाला तारेचं कडं करून जुनी पिशवी लावली आणि बांबू खांबाशेजारी उभा केला. सगळे बाहेर आले. माना वर करून उभे राहिले.

दोन्ही पिशव्या सरळ खाली लोंबत होत्या. सकाळचे पावणेअकरा. माळावर पानसुद्धा हलत नव्हतं.

पाच मिनिटं गेली. साहेबांनी घड्याळ बघितलं. आप्पासो म्हणाले, "अवो मामा, कशाला पोरीसाठी कायबी..."

"सायेब, येवढा चा घ्या," मामा घाईनं म्हणाले. "गुंडू, चा आन. वारा साडेअकराला येतोय. मी दर रविवारी हितं असतोय, मला ठावं हाय."

"वाऱ्याची वेळ ठरलेली असते का?" साहेब.

"आमच्या माळावर असती."

चहा आला, संपला. साहेबांनी फाईल बंद केली. ऐश्वर्या मामांच्या जवळ येऊन पुटपुटली, "मामा, राहू दे. तुम्ही उगाच स्वतःवर घेताय."

आणि खालच्या गुऱ्हाळाचा धूर वाकला.

आधी थोडा, मग पार आडवा झाला. बांबूवरची जुनी पिशवी एकदा थरथरली, फुगली आणि कवायतीतल्या शिपायासारखी ताठ आडवी झाली. साहेबांच्या फाईलमधले कागद उडाले आणि गुंडू त्यांच्यामागं धावला. शेजारच्या खांबावर मामांची पिशवी सावकाश उठली, निम्म्यावर आली आणि तिथंच थांबली. जेवण झालेल्या म्हाताऱ्यासारखी.

सर किती तरी वेळ एका पिशवीकडून दुसरीकडं बघत राहिले. मग साहेबांनी विचारलं, "जाड शिवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाय," मामा म्हणाले. "माज्या नावानं सांगितलं."

गुंडूनं खांबाला शिडी लावून जाड पिशवी उतरवली. आप्पासो पुढं आले. त्यांनी पिशवी उलटी केली, अस्तर चिमटीत धरलं, अंगठ्यानं चोळलं, हातावर तोलली. चाळीस वर्षं कापड विकलेल्या माणसाला याहून जास्त चौकशी लागत नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला. "माजी पोरगी होती वर," ते मामांना म्हणाले.

"व्हय," मामा म्हणाले. मान खाली.

"सर, काल मग वारा किती होता?" ऐश्वर्यानं विचारलं.

"तुला एकटीला सोडण्यासारखा नक्कीच नव्हता." सरांचा आवाज खाली आला होता. "साहेब, माझंही लिहून घ्या. मीटर नसताना ही पिशवी हातात घेऊन बघायचं काम माझं होतं. मी खांबाकडं बघितलं, पिशवीकडं नाही."

साहेब लिहीत म्हणाले, "सगळं लिहितो. आणि पंख उचलल्यावर हिनं उतरायचा हट्ट सोडून परत वर जायला हवं होतं, तेही लिहितो."

"ते लिहाच," ऐश्वर्या म्हणाली. "ती माझीच चूक आहे."

आप्पासोंनी तिच्याकडं बघितलं. एक चूक झाली की बॅग, हे त्यांचं वाक्य. पण समोर आता तीन माणसं आपापली चूक पुढं करून उभी होती आणि त्यांत सगळ्यात लहान त्यांची पोरगी होती. ते पिशवीकडं वळले.

"शिलाई ब्येस हाय," ते कोरडेपणानं म्हणाले. "कापड चुकलंय. पातळ नायलॉन माज्या दुकानात हाय, मी पाठवून देतो. पन शिवनार तुमीच. दुसऱ्या कुनावर माजा इस्वास न्हाय आता. आनि एकच टीप मारायची."

"पप्पा, म्हणजे..."

"म्हंजे बॅग उतरव. गाडीचा दरवाजा कवाधरनं उघडा हाय, धूळ जाती आत."

नवी पिशवी शिवायला मामांना चार दिवस लागले. तासाभराचं काम. पण एक टीप झाली की पाय आपोआप दुसरीला सुरुवात करायचा. शेवटी मामी दुकानात येऊन स्टुलावर बसल्या आणि शेवटच्या जोडाला टीप पूर्ण होताच त्यांनी मशिनमधली बॉबिन काढून कनवटीला खोचली.

"अगं, शेपटीला येक तरी..."

"न्हाय."

मे महिना संपता संपता ती पिशवी फाटली. कट्ट्यावर बातमी आली तशी पोरं दुकानाच्या दारात जमली. "मामा, फाटलं की वं तुमचं काम!"

"फाटलंच पायजे," मामा म्हणाले आणि तयार ठेवलेली दुसरी पिशवी काखेत मारून उठले. "सरका. पायलट खोळंबलीया माजी."

माळावर गुंडूनं शिडी धरली होती. मामा वर चढून कड्यात पिशवी अडकवत होते. धावपट्टीच्या पार टोकाला एक बारकं विमान, पंखा फिरता ठेवून, उभं होतं. आत कोण आहे ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं, पण काचेतून एक हात हलला.

"मामा, आटपा. ती थांबलीया."

मामांनी शेवटची गाठ मारली, एकच, आणि हातातली शेपटी सोडली. पिशवी फुगली, ताठ झाली. ते शिडीवरूनच तिच्याकडं बघत राहिले.

"किती टिकंल वं ही?" गुंडूनं खालून विचारलं.

"तीन-चार म्हैनं," मामा उतरत म्हणाले. "जास्ती टिकली तर मला फोन कर."